जावयाने बसवलेला ब्राउझर

आमच्या वधू-वर सूचक मंडळात वर्षाला जितके फॉर्म जमत नाहीत, तितके किस्से जमतात. फॉर्म फाइलला लागतात, फाइल कपाटात जाते, कपाटाला कुलूप बसतं. किश्शांना कुलूप नाही. चहाला बसलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि सगळे हसतात. मीही हसायचे. हे किस्से मात्र मी हसत सांगायला घेतले की मधेच माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात. चढू दे! नावं सगळी बदलली आहेत. तरीही कुणी ओळखीचं वाटलं, तर ओळख मनातच ठेवा.

मंडळाचं ऑफिस बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात आहे, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांत. मी तिथे बारा वर्षं काम करतेय. फॉर्म भरून घ्यायचे, बायोडेटा टाइप करायचे, आलेल्यांना स्थळं दाखवायची. अध्यक्ष नाना, रिटायर्ड हेडमास्तर. सचिव पवार सर, गणिताचे रिटायर्ड शिक्षक. बाकी कमिटी सहा जणांची. ती रविवारी येते, चहा पिते आणि जाते.

मंडळाचे छापील नियम चौदा आहेत, पण खरा नियम एकच. कुणी कुणाची चौकशी केली, हे तिसऱ्याला कळता कामा नये. ‘अमक्यांनी बघून सोडली’ असं एकदा बोललं गेलं की ते मुलीच्या नावाला चिकटतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. म्हणून तर लोक नात्यातल्या कुणाला न विचारता बस धरून आमचा जिना चढतात. आम्ही तोंड बंद ठेवतो, एवढीच आमची लायकी.

*

हा नियम बारा वर्षं पाळला. तो मोडला अधिक महिन्यात, तेही पुरणाचे धोंडे खाऊन आलेल्या माणसाने.

नानांचे जावई, म्हणजे त्यांच्या ज्योतीचे यजमान सुमितराव, इंदूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. धोंड्याच्या महिन्यात नानांनी त्यांना रीतीप्रमाणे जेवायला बोलावलं, तेहतीस अनारशांचं वाण दिलं, चांदीचं निरंजन दिलं. जेवण झाल्यावर जावयांना करमेना, म्हणून नाना त्यांना ऑफिस दाखवायला घेऊन आले. जावई माझ्या खुर्चीत बसले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “ये क्या चला रहे हो काकू? इतका जुना ब्राउझर आता कोणी ठेवतं का?”

ब्राउझर म्हणजे ज्यातून इंटरनेट उघडतो ते सॉफ्टवेअर, हे मला माहीत होतं. आमचा जुना होता, पण चालत होता. मंडळाची वेबसाइट उघडायची, पासवर्ड टाकायचा, बायोडेटा बघायचा, बंद करायचं. याहून जास्त त्याच्याकडून कुणाला काही नको होतं. जावयांनी वीस मिनिटांत तो काढून टाकला आणि नवीन बसवला. हा म्हणे स्वतः विचार करतो. स्वतः फॉर्म भरतो. तुम्ही काय काय पाहिलं ते लक्षात ठेवतो आणि न विचारता पुढे करतो.

वर त्यांनी नानांच्या नावाने एक खातं उघडलं, आणि तेच एक खातं आमच्या कॉम्प्युटरवर, नानांच्या फोनवर आणि स्वतःच्या इंदूरच्या घरातल्या टॅबवर जोडून टाकलं. म्हणाले, “अब सब एक जगह. कुठूनही बघा.”

मी विचारलं, कुठूनही कशाला बघायचं? जावयांनी मला उत्तर न देता नानांकडे पाहिलं. नाना कौतुकाने हसले आणि म्हणाले, की सरलाबाई जरा जुन्या वळणाच्या आहेत. निरंजन जावयांना मिळालं आणि ब्राउझर आम्हाला. मान तर दोघांनाही सारखाच द्यायचा होता.

*

त्याच आठवड्यात दापोऱ्याची मनीषा आली. वय एकोणतीस, खासगी शाळेत शिक्षिका. पहिलं लग्न चार महिन्यांत मोडलं होतं, कागदपत्रं रीतसर झाली होती. दोन वर्षं तिने कुणाला विषय काढू दिला नाही. मग एक दिवस कुणाला न सांगता, शाळा सुटल्यावर, एकटीच आमचा जिना चढून आली.

फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरला. ‘अपेक्षा’ या रकान्यात एकच ओळ लिहिली: नोकरी सोडायला लावू नये. मग पेनचं टोपण लावत मला म्हणाली, “मावशी, एकच ऐका. माझा फॉर्म कोनाले दाखवायच्या आधी मले विचारा. गावात एकदा बोलून झालंय. परत नको.”

मी तिला शब्द दिला. तुझं नाव तू सांगितल्याशिवाय कुणापुढे जाणार नाही, असं म्हटलं. असे शब्द मी बारा वर्षांत खूप दिले होते आणि एकही खाली पडला नव्हता, त्यामुळे देताना मला काही जड गेलं नाही.

*

आता त्या हुशार ब्राउझरचा वेग ऐका.

देडतलाईहून एक काका-काकू भाचीसाठी स्थळ बघायला आले. परतीची बस दीड तासाने होती. मी वेबसाइट उघडली. म्हणजे उघडायला घेतली. स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला. आमच्या कॉम्प्युटरमध्ये जी काही मेमरी होती ती याने एकट्याने गिळली होती, आणि आत पंखा असा घरघरत होता की खालच्या गिरणीचा आवाज ऐकू येईना. गोल थांबला तेव्हा त्याने विचारलं, मी तुम्हाला मदत करू का? ‘नको’ म्हटलं तर ‘नको’ लक्षात ठेवायला पुन्हा गोल.

पवार सर शेजारी बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी पाठकोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. पाच मुलं, त्यांची नक्षत्रं, उंची, शिक्षण, मामाचं गाव, सगळं आठवणीतून. कागदाची घडी घालून त्यांनी काकांच्या हातात दिली तेव्हाही माझा गोल फिरतच होता.

काकांनी कागद वाचला, मग सरांकडे निरखून बघितलं. “सर, तुमाले कोन्या कंपनीनं बनवलं?”

सगळे हसले. पण त्यांची बस गेली ती गेलीच. काकूंचे गुडघे दुखत होते, पुढची बस संध्याकाळी. त्यांना मी घरी नेऊन जेवायला घातलं, आणि भाकरी थापताना त्या ब्राउझरला जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. जावयांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, कॉम्प्युटर बदला. पायात जोडा बसत नाही म्हणून पाय बदला, असं सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते.

*

पुढचा किस्सा मंडळात अजून चवीने सांगितला जातो. मला तो सांगताना अजून राग येतो.

शहरातल्या एका मुलाचा बायोडेटा मी टाइप केला. मुलगा सहा फुटी, जिम लावलेला, इंजिनिअर. चार रकाने मी भरले, बाकीचे नव्या ब्राउझरने ‘तुमचा वेळ वाचावा म्हणून’ आपणहून भरले. आधीच्या फॉर्ममधून. मी वरवर नजर टाकली आणि पाठवून दिला. ती चूक माझी, ती मी मान्य करते.

आठ दिवसांनी मुलाचे वडील कागद घेऊन आले. उंची पाच फूट एक इंच. छंद: मेंदी आणि भरतकाम. अपेक्षा: नोकरी सोडायला लावू नये.

मी खुर्चीतून उठून हात जोडले. नवीन छापून देते म्हटलं. ते खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “नको, नको. राहू द्या. दोन वर्षांत फोन नाही आला, अन् या आठवड्यात चार आले. पोरीचे बाप म्हनतात, असा समजदार पोरगा पाहिला नाही.”

पवार सरांना हसून हसून ठसका लागला. मी नाही हसले. कारण ते छंद आणि ती अपेक्षा कुणाची होती ते मला ठाऊक होतं. माझ्या भरवशावर मनीषाने स्वतःच्या हाताने जे लिहिलं होतं, ते चार घरांत वाचून झालं होतं. नाव नव्हतं, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. नाव बाहेर पडायचं राहिलं होतं एवढंच.

*

मग एके दिवशी नानांच्या पत्नी, आमच्या काकू, ऑफिसात आल्या. हा जिना त्या कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या. नाना बाजारात गेलेले. काकू माझ्यासमोर बसल्या, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, “सरलाताई, यांच्यासाठी बाई पाहून राह्यले ना? पाहा. फक्त सैपाक येनारी पाहा, माझ्यानं आता व्हत नाही.”

काकूंनी पिशवीतून नानांचा फोन काढून माझ्यापुढे ठेवला. पंचांग बघायला तो त्यांच्याकडेच असतो. त्यात एकामागून एक जाहिराती. साठीनंतरची नवी सुरुवात. नवरदेवाची शेरवानी. केस काळे करायचं तेल. आम्ही इथे दिवसभर समाजाच्या मुली बघत होतो, आणि ब्राउझरने ठरवून टाकलं होतं की हा एकाहत्तर वर्षांचा माणूस लग्नाला उभा आहे.

मी त्यांना सगळं समजावलं. त्याही हसल्या, चहा प्यायल्या, मोकळ्या झाल्या. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, “पन दापोऱ्याची ती मनीषा फोटोत लय चांगली दिसते. तिचं मोडलं व्हतं वाटतं?”

आम्ही इथे जे जे पान उघडत होतो, ते ते तिकडे नानांच्या स्वयंपाकघरात उघडत होतं. आणि इंदूरला जावयांच्या दिवाणखान्यात.

मी तिथल्या तिथे जावयांना फोन लावला. ते जोडलेलं आधी तोडा म्हणून सांगितलं. ते हसले. “काकू, प्रायव्हसीचं काय घेऊन बसलात? ज्याच्याजवळ छुपवायचं काही नाही, त्याला कसला प्रॉब्लेम?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “सुमितराव, तुमचं लग्न याच मंडळातून झालं. ज्योतीच्या आधी तुमच्या वडिलांनी तीन मुलींची चौकशी केली होती, कोणाला का सोडलं तेही मला माहीत आहे. ज्योतीला सांगू का सगळं?”

मग त्यांना अचानक मीटिंग आठवली.

मी काही सांगणार नव्हते. सांगण्यातली असते तर बारा वर्षं त्या खुर्चीत बसलेच नसते. पण त्या माणसाला एवढंही समजू नये, याचा संताप दोन दिवस उतरला नाही. मी स्वतःच तो ब्राउझर काढायला बसले, तर त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड जावयांकडे.

*

आणि मग जे व्हायचं ते झालं.

शहरातलंच एक कुटुंब आलं होतं. आई, मुलगा आणि मोठी सून. मी कॉम्प्युटर सुरू केला. या ब्राउझरचं पहिलं पान म्हणजे तुम्ही हल्ली जे जे उघडलं त्याचे फोटो, ओळीने. मी रोज सकाळी ते पुसायचे. त्या दिवशी यांना जिन्यावरच भेटले, गप्पा मारत आत आले, आणि विसरले. तिसरा फोटो मनीषाचा होता.

सून पुढे वाकली. “अहो आई, ही तर दापोऱ्याची टीचर. हिचं झालं होतं ना एकदा?”

मी हातातली फाइल स्क्रीनवर धरली. आई गोड हसल्या. म्हणाल्या, की काळजी करू नका, आम्ही काही कोणाला सांगत नाही. हे वाक्य मी बारा वर्षांत जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा दोन दिवसांत गावभर झालं आहे.

चौथ्या दिवशी मनीषाचा फोन आला. “मावशी, शाळेत विचारून राह्यले. दुसरं पाहून राहिली का, म्हनून. प्रिन्सिपल मॅडमपर्यंत गेलंय.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. फक्त म्हणाली, की रविवारी येते, माझं नाव काढा, आणि काढताना मी स्वतः बघणार.

मी नानांसमोर जाऊन उभी राहिले. सांगितलं, की आजच्या आज हा ब्राउझर निघाला पाहिजे, नाहीतर रविवारी कमिटीपुढे मी राजीनामा ठेवते. नाना चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “जावयाने स्वतःच्या हाताने बसवलंय. काढलं तर त्याला लागेल. तिकडे ज्योतीला ऐकून घ्यावं लागेल. तो जरा तापट आहे, तुम्हाला माहीत नाही.”

पवार सर कोपऱ्यात रजिस्टर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “एका मुलीचं नाव राखलं की दुसरीला ऐकून घ्यावं लागतं, हे गणित मी उभ्या जन्मात शिकवलं नाही.”

नाना चष्मा चढवून बाहेर निघून गेले. मी ‘तापट’ या शब्दापाशी थांबायला हवं होतं. पण मी माझ्याच रागात होते.

*

रविवारी कमिटी आली. सहा जण भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. पवार सर दाराशी. मनीषा आली ती सरळ कॉम्प्युटरच्या टेबलाशी जाऊन बसली, भिंतीतल्या विजेच्या बोर्डाला खेटून, कारण तिला नाव निघताना बघायचं होतं. दिवस उन्हाळ्याचे, डोक्यावर पंखा फुल स्पीडवर.

मी बोलायला उभी राहिले. काय काय झालं ते सगळं सांगितलं, मनीषाचं नाव न घेता, जरी ती समोर बसली होती आणि कुणाला काही कळायचं राहिलं नव्हतं. म्हटलं, इथे लोक आपल्या लेकींच्या गोष्टी ठेवायला देतात, आपण त्या चव्हाट्यावर मांडल्या. दोन सभासदांनी माना हलवल्या. एकाने विचारलं, पण दिसतं तरी काय त्यात एवढं?

नानांचा चेहरा लाल झाला होता. ते उठले, मॉनिटर दोन्ही हातांनी धरून सभासदांच्या बाजूला वळवला. “बघा. सगळ्यांनी बघा. उगाच राईचा पर्वत चाललाय. काय लपवण्यासारखं आहे यात?”

आणि मंडळाच्या वेबसाइटचं नाव टाकायला त्यांनी एक अक्षर दाबलं.

गोल फिरायला लागला. नेहमीसारखा, सावकाश. सभासद खिशात चष्मे शोधत होते. मग त्या एका अक्षराखाली एकेक ओळ उमटायला लागली, पूर्वी काय काय शोधलं होतं त्याची. पहिली ओळ आमची नव्हती. दुसरी, तिसरीही नव्हती. त्या इंदूरच्या घरातल्या टॅबवरच्या होत्या, प्रत्येकीपुढे तसं लिहून वेळही दाखवत होता. ज्योतीने शोधलेल्या, दुपारच्या वेळी, घरात कुणी नसताना. त्यात काय होतं ते मी इथे सांगणार नाही. एखादी बाई असं काही आईलाही न विचारता एकटीने शोधायला बसते, तेव्हा घरात काय चाललं असेल ते ज्याला कळायचं त्याला कळतं.

नानांनी वाचलं. त्यांचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. मी वाचलं. आणि सगळ्यात जवळ मनीषा बसली होती, तिने वाचलं. गोल अजून फिरतच होता, खाली आणखी ओळी येत होत्या, आणि पहिल्या खुर्चीवरचे सभासद चष्मा नाकावर चढवून नीट बघायला उठले होते.

मनीषाने हात लांब केला आणि बोर्डावरचं बटण बंद केलं. स्क्रीन काळी झाली.

“लाईट गेली,” ती म्हणाली.

पंखा डोक्यावर गरगर फिरत होता. उठलेले सभासद अर्धवट उभे, त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग मनीषाकडे, मग नानांच्या चेहऱ्याकडे. पवार सर दाराशी बसल्या जागेवरून सावकाश म्हणाले, “हो. गेली.”

सभासद खाली बसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. शेजारच्याने विचारलं, की आता कधी येणार? दुसरा म्हणाला, रविवारची लवकर येत नाही.

नाना खुर्चीत बसले. कपाळावरचे केस पंख्याच्या वाऱ्याने उडत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग मनीषाकडे न बघता तिला म्हणाले, “फार उकडून राह्यलं, नाही?”

“हो नाना,” मनीषा म्हणाली. तिने टेबलावरची फाइल उचलली आणि त्यांना वारा घालायला लागली.